धमनीत उगवणारं हाड

2000 साली अमेरिकेत डॉ. विल्यम गुडमन आणि सहकाऱ्यांनी डायलिसिसवर असलेल्या 39 मुलांच्या आणि तरुणांच्या हृदयाच्या सीटी स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध केला. विशीच्या आतल्या 23 जणांत काही सापडलं नाही. पण 20 ते 30 वयाच्या 16 जणांपैकी 14 जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचलं होतं. त्याच वयाच्या 60 निरोगी तरुणांत असे तिघंच निघाले.

बोअरच्या पाण्यानं हीटरच्या कॉइलवर क्षार धरतो, तसंच हे, अशी समजूत बरीच वर्षं होती. रक्तात कॅल्शियम-फॉस्फरस वाढला की तो कुठंतरी बसणारच. धमनीत, सांध्याभोवती, कातडीत, अगदी डोळ्याच्या पांढऱ्या भागावरही. उपमा सोयीची आहे, पण अर्धीच खरी. कॉइल निर्जीव असते. धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी मात्र जादा फॉस्फेटच्या माऱ्याखाली आपलं काम सोडून हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. क्षार नुसता बसत नाही, बसवला जातो.

निकामी किडनी जादा फॉस्फेट बाहेर टाकू शकत नाही. मग डायलिसिस तो काढत नाही का? काढतं, पण हिशेब जुळत नाही. रोजच्या जेवणातून साधारण 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो, त्यातला निम्म्याहून अधिक रक्तात उतरतो. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये 600 ते 1000 मिलिग्रॅम निघतो, आणि डायलिसिस आठवड्यातून तीनदाच. आपल्याकडे तर खर्चापायी अनेक जण दोनदाच करतात. शिवाय शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि पेशींत असतो. तो रक्तात सावकाश येतो, मशीन तोवर थांबत नाही.

म्हणून फॉस्फेट बाइंडरच्या गोळ्या. त्या जेवणातला फॉस्फेट आतड्यातच धरतात, त्यामुळे जेवणासोबत घेतल्या तरच उपयोग. पूर्वी त्यात ॲल्युमिनियम असे. त्यानं मेंदू आणि हाडं बिघडली. मग कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. गुडमन यांच्या अभ्यासात ज्यांच्या धमन्यांत कॅल्शियम साचलं होतं, ते या गोळ्यांतून बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट कॅल्शियम घेत होते! आता सेव्हेलॅमरसारखे बिनकॅल्शियमचे पर्याय आहेत, पण महाग.

डायलिसिसच्या रुग्णांच्या पथ्यात डाळीवर सरसकट फुली मारली जाते, ते मला पटत नाही. डाळीतला फॉस्फरस बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, पुरता शोषला जात नाही. पाकिटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळा रक्तात जातो. त्याचं प्रमाण पाकिटावर सहसा नसतं. असतात ते बारीक अक्षरांतले त्याचे सांकेतिक आकडे: आयएनएस 338, 450, 451.