काट्याआधी पाणी : इंजिनाच्या तापमापकाविषयी

पाटस परिसरात गळीत हंगामात ऊस वाहणारे ट्रॅक्टर तासन्तास भाराखाली चालतात. इंजिनाचा ताप चालकाला वेळीच कळला पाहिजे. यांत्रिक तापमापकाला त्यासाठी वीज लागत नाही. इंजिनाच्या पाण्यात बसवलेल्या बल्बमधील द्रव तापून वाफेचा दाब वाढतो. तो बारीक नळीतून तबकडीमागील वक्र नळीत पोहोचतो, ती किंचित उलगडते आणि काटा सरकतो. या वक्र नळीचे पेटंट फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये घेतले.

बल्ब बसवताना इंजिन थंड असावे. बारीक नळी कापू वा मुरडू नये. मात्र पाणी गळून बल्ब उघडा पडला, तर काटा खोटा दिलासा देऊ शकतो. म्हणून आम्ही आवर्जून सांगतो : रोज आधी पाणी पाहावे, मग काट्यावर विसंबावे.