चोर जिंकला कधी म्हणायचं? संशयाच्या खेळांबद्दलचे काही गैरसमज

मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग थांबतात. सुट्टीच्या दुपारी घरात चार पोरं जमली की वहीचा एक कागद फाडला जातो, त्याच्या चार चिठ्ठ्या होतात आणि खेळ सुरू होतो. उर्दू बोलणाऱ्या घरांत तो 'राजा-मंत्री-चोर-सिपाही' असतो, मराठी घरांत 'राजा-राणी-चोर-शिपाई' किंवा 'राजा-प्रधान-चोर-शिपाई'. गुणांचे आकडेही घरोघरी बदलतात. एक रूढ मांडणी अशी: राजाला 1000, प्रधानाला 800, शिपायाला 500, चोराला शून्य. राजा आणि प्रधान उघड होतात आणि उरलेल्या दोघांतला चोर प्रधानाने ओळखायचा. ओळखला तर 800 त्याचे. चुकला तर ते चोराचे.

जगभर आज ज्या खेळांचा बोलबाला आहे त्यांचं बीज या चार चिठ्ठ्यांत आहे: कोणीतरी लपलेलं आहे आणि बाकीच्यांनी ते बोलण्यावरून, चेहऱ्यावरून ताडायचं आहे. 1986 च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री डेव्हिडॉफने 'मॅफिया' रचला. 1997 मध्ये अँड्र्यू प्लॉटकिनने त्याला लांडग्यांची गोष्ट जोडली आणि 'वेअरवुल्फ' झाला. 2018 मध्ये आलेला 'अमंग अस' टाळेबंदीत मोबाइलवर पसरला. हे खेळ न्याय्य कधी ठरतात, याबद्दल मात्र बऱ्याच चुकीच्या समजुती आहेत.

पहिली समजूत चिठ्ठ्यांच्या खेळाबद्दलच आहे: 'चिठ्ठी कोणालाही येऊ शकते, म्हणजे खेळ बरोबरीचा.' चिठ्ठ्या नीट मिसळल्या तर प्रत्येकाला राजा होण्याची संधी चारात एक, हे खरंच आहे. प्रश्न पुढचा आहे. या खेळात हुशारीला किती किंमत मिळते? हिशेब करून पाहू. 20 डावांत प्रधानाची चिठ्ठी सरासरी पाच वेळा येते. डोळे मिटून बोट दाखवणारा त्यात अडीच वेळा बरोबर ठरेल. चेहरे वाचण्यात तरबेज असलेला, दहापैकी सात वेळा बरोबर येणारा, साडेतीन वेळा ठरेल. म्हणजे त्याच्या पदरात जास्तीचा एकच डाव पडतो, 800 गुणांचा. आणि निव्वळ चिठ्ठीच्या नशिबाने 20 डावांत माणूस सरासरीच्या खाली-वर 1700 गुण सहज सरकतो. जिंकणारा बहुतेक वेळा ज्याला राजाची चिठ्ठी जास्त आली तोच असतो, आणि चोर बरोबर हेरणारी पोर मागे राहते. मला हे फार खटकतं, कारण खेळाचा सगळा जीव तिच्या त्या हेरण्यात आहे.

दुसरं दुखणं शिपायाचं. प्रधान बरोबर येवो की चुको, शिपायाला त्याचे 500 मिळतातच. त्याला काही पणाला लावायचंच नसतं, म्हणून तो गप्प बसतो. नियमात एकच बदल करून बघा: चोर पकडला गेला तरच शिपायाला 500, प्रधानाने चुकून शिपायालाच धरलं तर शून्य. आता शिपाई जीव तोडून सांगेल, 'मी शिपाई आहे.' चोरही नेमकं तेच वाक्य तितक्याच कळकळीने म्हणेल. प्रधानासमोर दोन सारखी वाक्यं आणि दोन वेगळे आवाज येतात, आणि संशयाला काहीतरी धरायला मिळतं. राजाचे 1000 हिशेबातून वगळून फक्त ओळखण्या-लपण्याचे गुण मोजले तर नशिबाचा वाटाही काहीसा घटतो.

आता मोठ्या घोळक्याच्या खेळाकडे. लग्नघरात, शाळेच्या सहलीत, गच्चीवर मॅफियाच्या धर्तीचा खेळ रंगतो. दिवसा सगळे मिळून मतदानाने एकाला बाहेर काढतात, रात्री चोर एका गावकऱ्याला उडवतात. सगळे चोर गेले की गाव जिंकतं. चोरांची संख्या गावकऱ्यांइतकी झाली की चोर जिंकतात. इथे हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'माणसं वाढवा, गाव बळकट होईल.'

गणित वेगळं सांगतं. एकच चोर आहे, खेळ दिवसापासून सुरू होतो आणि मतदान निव्वळ अंदाजाने होतं, असं धरू. सात जण असतील तर मतदानं तीन होतात: सातांचं, पाचांचं, तिघांचं. चोर तिन्हीतून वाचण्याची शक्यता 6/7 गुणिले 4/5 गुणिले 2/3, म्हणजे सुमारे 46 टक्के. आठवा गावकरी आला की मतदानं आठांचं, सहांचं, चौघांचं, संख्या तीनच. चौघांतून गावकरी गेला तर उरतात तिघं, रात्री आणखी एक जातो आणि एकास एक झाल्याने चोर जिंकतो. हिशेब 7/8 गुणिले 5/6 गुणिले 3/4, म्हणजे जवळजवळ 55 टक्के. गावात एक माणूस वाढला आणि चोराचं पारडं जड झालं! त्या आठव्याने गावाला एकही जास्तीचं मतदान मिळवून दिलं नाही. प्रत्येक मतदानात चोराला लपायला तेवढी एक जागा मात्र वाढवून दिली.

यावर उपाय सोपा आहे. संख्या सम असेल तर खेळ रात्रीपासून सुरू करा, किंवा 'आज कोणालाच काढायचं नाही' असं मत देण्याची मुभा ठेवा. आठ जणांचं गाव पहिल्या दिवशी थांबलं तर रात्रीनंतर सात उरतात आणि चोराची शक्यता परत 46 वर येते.

याला लागूनच आणखी एक समज आहे: 'खेळाडूंच्या प्रमाणात चोर वाढवायचे.' नऊ जणांत एक चोर असेल तर वरच्याच हिशेबाने त्याची जिंकण्याची शक्यता 41 टक्के येते. दुसरा चोर घातला की ती थेट 70 होते. मार्क ब्रेव्हरमन, ओमिद एतेसामी आणि एल्चनन मॉसेल या गणितज्ञांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या गटांबद्दल दाखवलं की, गावाकडे शोधक नसेल तर चोरांची संख्या खेळाडूंच्या वर्गमुळाच्या मानाने वाढली पाहिजे. म्हणजे खेळाडू चौपट झाले तर चोर दुप्पट. रात्री एकाची खरी ओळख तपासू शकणारा शोधक गावात आला की चित्र पालटतं आणि चोर खेळाडूंच्या प्रमाणात वाढवावे लागतात. एका भूमिकेत एवढी ताकद असते, म्हणून ती वाटण्याआधी संख्या नीट ठरवावी.

'बरोबरी झाली की चोर जिंकले' या नियमावर मुलं फार चिडतात. अजून दोघं जिवंत आहेत, मग खेळ का थांबवायचा? साध्या खेळात तो थांबवणं योग्यच आहे, कारण तेवढ्याच मतांनी गाव चोरांना बाहेर काढू शकत नाही आणि रात्र चोरांचीच असते. पण गावात एखाद्याकडे रात्री स्वतः चोराला मारण्याचा किंवा कोणाला वाचवण्याचा अधिकार असेल, तर बरोबरीनंतरही निकाल फिरू शकतो. अशा खेळात हाच नियम डोळे झाकून लावणं अन्याय ठरतं.

सगळ्यात खोल रुजलेली समजूत अशी की दोन्ही बाजूंची शक्यता पन्नास-पन्नास झाली की काम संपलं. पहिल्याच रात्री बाद होऊन कोपऱ्यात बसलेल्या पोराला या पन्नास टक्क्यांचा काय उपयोग? चांगल्या रचनाकारांनी यावर खूप विचार केला आहे. 'अमंग अस'मध्ये मेलेला खलाशीही भूत होऊन नेमून दिलेली कामं करत राहतो, आणि सगळ्यांची कामं पूर्ण झाली तरी त्याची बाजू जिंकते. 2009 च्या 'द रेझिस्टन्स'मध्ये कोणी बादच होत नाही. पाच मोहिमांपैकी तीन ज्या बाजूला जातील ती जिंकते. तिथे दहा जणांत चार हेर असूनही खेळ तोलला जातो, कारण जिंकण्याची अटच वेगळी आहे. सात किंवा जास्त खेळाडू असले तर चौथी मोहीम फसायला एकाऐवजी दोन घातपात लागतात. त्याच खेळाच्या 'ॲव्हलॉन' या भावंडात चांगली बाजू तीन मोहिमा जिंकली तरी वाईट बाजूला एक संधी उरते: वाईट बाजूचे लोक माहीत असलेल्या, चांगल्या बाजूच्या मर्लिनला ओळखलं तर विजय तिचा. त्यामुळे मर्लिनला आपल्या लोकांना मदत करायची, पण फार उघडपणे नाही. हा एकच नियम शेवटच्या क्षणापर्यंत सगळ्यांना गुंतवून ठेवतो.

आणि 'सलग चार डाव चोरच जिंकले, नियम बदला' ही तक्रार. दोन्ही बाजू अगदी तुल्यबळ असतानाही चार डावांत चारही एकाच बाजूला जाणं आठात एकदा घडतं. 20 पैकी 14 किंवा जास्त डाव एकाच बाजूला जाण्याची शक्यताही 11 टक्क्यांच्या वर आहे. नियमाला हात लावण्याआधी खेळाडू किती होते, चोर किती, सुरुवात दिवसापासून की रात्रीपासून आणि जिंकलं कोण, एवढं प्रत्येक डावानंतर वहीत लिहावं. सम आणि विषम संख्येचे डाव वेगळ्या पानांवर ठेवावेत. निकाल एका बाजूला झुकतात असं पुरेशा डावांनंतर दिसलं, तर एका वेळी एकच नियम बदलावा आणि पुन्हा लिहायला लागावं.