खडखड न करणारी सायकल

जुलैतल्या एका 300 किलोमीटरच्या ब्रेव्हेत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या सायकलफेरीत, रात्री पसरणी घाट उतरताना, माझ्या सायकलीची खडखड सुरू झाली. पावसात थांबून टॉर्च मारला. मडगार्डच्या काडीचा स्क्रू ढिला होऊन पत्रा टायरला घासत होता आणि त्याच्या जोडीला कॅरिअरही एका बाजूने हलत होता. झिप टायने दोन्ही आवळले आणि वाईत उतरलो. वीस तासांच्या मुदतीत पोचलो, पण तो आवाज डोक्यातून गेला नाही. सायकल चांगली होती, कॅरिअर चांगला होता, मडगार्डही चांगले होते. फक्त ही तिघं एकमेकांना ओळखत नव्हती. तिघं वेगवेगळ्या ठिकाणी तयार झाली होती आणि मी ती स्क्रूने एकत्र आणली होती.

या दुखण्यावरचा इलाज फ्रान्समधल्या कारागिरांनी जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी शोधला होता. लांबच्या प्रवासाची सायकल घडवायची तर कॅरिअर, मडगार्ड, दिवे आणि पिशवी यांचा विचार फ्रेमची पहिली नळी कापण्याआधी झाला पाहिजे, हा तो इलाज.

त्याची मुळे सँतेत्येन या डोंगराळ औद्योगिक शहरात आहेत. तिथला पॉल द व्हिवी ‘वेलोसियो’ या नावाने लिहीत असे. 1887 साली त्याने सायकलींना वाहिलेले मासिक सुरू केले आणि चढणीच्या रस्त्यांवर एकामागून एक गिअर-रचना स्वतः पारखल्या. तूर द फ्रान्सच्या शर्यतीत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी मिळायला 1937 साल उजाडले. सायकलवरून लांब भटकणाऱ्यांनी मात्र तो कितीतरी आधी आपलासा केला होता. शर्यतवाल्याच्या मागे मदतनीस असतात. भटक्याला घाट स्वतः चढायचा असतो, आपल्या ओझ्यासकट. म्हणून सायकल सुधारण्याची निकड त्याला जास्त होती.

1936 मध्ये फ्रान्समधल्या कामगारांना कायद्याने दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली. सायकलींवर आणि टँडेमवर सामान बांधून माणसे समुद्राकडे, डोंगरांकडे निघाली. त्याच सुमारास ‘काँकूर द माशीन’ म्हणजे यंत्रांच्या स्पर्धा गाजत होत्या. त्यांत कस सायकलस्वारापेक्षा सायकलीचा लागे. खडबडीत डोंगरी रस्त्यांवर ती दामटायची. वजन कमी असेल तर गुण मिळत, काही तुटले, वाकले किंवा सैल झाले तर गुण कापले जात. हलकेपणा आणि टिकाऊपणा एकाच तराजूत तोलणारी ही परीक्षा होती. 1938 च्या स्पर्धेत रने एर्सने उतरवलेली सायकल दिवे, मडगार्ड, कॅरिअर आणि पंपासह 7.94 किलो भरली. आज शोरूममधली एखादी महागडी सायकल नुसती उचलून पाहा, म्हणजे या आकड्याचे मोल कळेल.

एर्स विमानउद्योगात काम केलेला माणूस. पॅरिसला लागून असलेल्या लव्हाल्वा-पेरे या गावात त्याचे दुकान होते. आधी तो सुटे भाग करत असे, पुढे पूर्ण सायकली घडवू लागला. अशा कारागिराला फ्रेंचमध्ये ‘काँस्त्रुक्तर’ म्हणतात. तो नुसती फ्रेम करून थांबत नाही, पूर्ण सायकल रचतो. एर्सच्या सायकलीत क्रँक, ब्रेक, हँडलचा स्टेम आणि कॅरिअर त्याच्याच घरचे असत.

फ्रेमचे काम पाहण्यासारखे असते. नळ्या पोलादाच्या, पण सगळीकडे सारख्या जाडीच्या नसतात. एका प्रचलित मापात भिंत टोकांना 0.8 मिलिमीटर आणि मधे 0.5 मिलिमीटर असते. जोडाशी ताण जास्त, म्हणून तिथे जाडी ठेवायची आणि मधे धातू वाचवायचा. नळीचे टोक दुसऱ्या नळीच्या गोलाईवर चपखल बसेपर्यंत कानशीने घासायचे, लगमध्ये, म्हणजे नळ्या जोडणाऱ्या पोलादी खोबणीत, बसवायचे आणि ज्योतीने तापवून पितळेचा किंवा चांदीचा डाक द्यायचा. यात पोलाद वितळत नाही. वितळलेला डाक केसाएवढ्या फटीत आपोआप ओढला जातो. उष्णता कमी पडली तर तो आत शिरत नाही, जास्त झाली तर पातळ नळीचा जीव जातो. यात मोजपट्टीपेक्षा ज्योतीचा आणि धातूचा रंग ओळखणारा डोळा कामी येतो.

याच वेळी, रंग लागण्याआधी, बाकीच्या सामानाची जागा ठरते. ब्रेकसाठी चिमट्यावर, म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कवर, छोटे खुंट डाकतात. मडगार्ड टायरभोवती सगळीकडे सारखी फट ठेवून बसेल अशा बेताने आटे पाडलेल्या बैठका जोडतात. कॅरिअर बारीक नळ्यांचा, त्याच एका सायकलीसाठी वाकवलेला. त्यात जुळवाजुळवीच्या पट्ट्या नसतात, म्हणून सैल होणारे जोडही कमी. दिव्याची तार फ्रेमच्या पोटातून जाते. पण हँडल तर सतत वळत असते, तार पिळून तुटणार. एर्सने चिमट्याच्या दांड्याशी कार्बनचा ब्रश बसवला. दांडा फिरत राहतो आणि डायनामोची वीज ब्रशवाटे पुढच्या दिव्याला पोचते.

सर्वांत खोल विचार मात्र वळणाचा. हँडलच्या रेषेत खाली उतरणारी काल्पनिक रेघ जमिनीला जिथे टेकते, त्याच्या थोडे मागे टायर जमिनीला टेकतो. हे अंतर म्हणजे ट्रेल. रेसिंग सायकलीत ते साधारण 55 ते 60 मिलिमीटर असते. पुढे पिशवी लादली की अशी सायकल हाताला जड लागते, वळणात हट्ट करते. या कारागिरांनी चिमट्याला पुढे जास्त बाक देऊन ट्रेल 30-40 मिलिमीटरच्या आसपास आणला. नकाशा, खाऊ आणि रेनकोट भरलेली पिशवी पुढच्या चाकावर खाली, लहान कॅरिअरवर ठेवली. तिच्यासह सायकल नीट वळू लागली. ओझे गृहीत धरून भूमिती आखली गेली, हे मला या परंपरेतले सगळ्यांत शहाणे पाऊल वाटते.

एर्सची मुलगी लिली या सायकलींवर आठ वेळा फ्रान्सची विजेती झाली. 1976 मध्ये वडील गेल्यावर तिने आणि तिचा पती, कारागीर झाँ देबुआ यांनी दुकान पुढे चालवले. पण तोवर प्रवास मोटारींकडे वळला होता आणि ते दुकान पुढे बंद झाले. त्याच लव्हाल्वा-पेरेत 1938 मध्ये सुरू झालेले आलेक्स सँजेचे दुकान मात्र भाच्यांच्या आणि मग त्यांच्यातल्या एकाच्या मुलाच्या हाती तगले. आज एर्सचे नाव अमेरिकेतल्या सिएटलची एक कंपनी पुढे नेते. तिचे रुंद, लवचिक टायर जपानमध्ये बनतात. 2016 मध्ये फ्रान्समधल्या आँबेर गावी यंत्रांची स्पर्धाही पुन्हा भरली.

पुणे, मुंबई, नाशिकच्या शेकडो सायकलस्वारांना हे सारे परके वाटू नये. आपण 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या ज्या ब्रेव्हे करतो, त्या याच फ्रेंच भटक्यांच्या वारशातल्या. 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसचे स्वप्नही तिथलेच. नियम आपण घेतले, मुदती घेतल्या, पण सायकलीमागचा विचार तिथेच राहिला. खरे तर चार महिने पाऊस, तुटके रस्ते आणि घाट असलेल्या मुलखाला त्याची गरज कोणापेक्षाही जास्त आहे. डाक देणारे हातही आपल्याकडे आहेत.

त्या पावसाळ्यानंतर मी माझी जुनी पोलादी फ्रेम एका फॅब्रिकेशनवाल्याकडे नेली. चिमट्यावर दोन आणि मागे दोन बैठका डाकून घेतल्या, बारीक नळीचा कॅरिअर त्याच मापाने वाकवून घेतला. रंग जळला, खर्च झाला आणि तीन खेपा पडल्या. पुढच्या जुलैत तोच पसरणी घाट उतरलो, तसाच रात्री, तशाच पावसात. टायरखालचे पाणी ऐकू येत होते आणि दरीतले बेडूक. सायकलीचा आवाज नव्हता.