पोर्तो अलेग्रेचे अंदाजपत्रक पुण्यात येताना

एका नगरपालिकेने काढलेला उपाय शेजारच्या नगरपालिकेने उचलावा आणि काही वर्षांत तो दुसऱ्या खंडातील शहरांतही रुजावा, या प्रक्रियेला राज्यशास्त्रात धोरणप्रसार म्हणतात. चार्ल्स शिपन आणि क्रेग व्होल्डन या अमेरिकी अभ्यासकांनी तेथील शहरांतील धूम्रपानबंदीच्या नियमांचा मागोवा घेऊन २००८ साली या प्रसाराच्या चार वाटा मांडल्या. दुसऱ्याच्या अनुभवातून शिकणे ही पहिली, शेजाऱ्याशी आर्थिक स्पर्धा ही दुसरी, मोठ्या शहराचे निव्वळ अनुकरण ही तिसरी आणि वरच्या सरकारची सक्ती ही चौथी. यांतील शिकणे आणि अनुकरण बाहेरून सारखेच दिसतात, कारण दोन्हींत ठराव तोच असतो. फरक कळतो तो ठरावामागची व्यवस्थाही उचलली गेली की नाही, हे तपासल्यावर. हा फरक लोकसहभागाच्या अंदाजपत्रकाच्या प्रवासाइतका स्पष्ट क्वचितच दिसतो.

ब्राझीलच्या दक्षिणेकडील पोर्तो अलेग्रे या शहरात १९८९ साली ही पद्धत सुरू झाली. लष्करी राजवट संपल्यानंतर आलेल्या १९८८च्या राज्यघटनेने नगरपालिकांना अधिक अधिकार आणि महसूल दिला होता, वस्त्यांच्या संघटना आधीपासून जाग्या होत्या आणि कामगार पक्षाचे ओलिव्हिओ दुत्रा महापौरपदी निवडून आले होते. शहराचे सोळा विभाग पाडून प्रत्येकात खुल्या सभा भरू लागल्या. तेथे रहिवासी पाणी, मलनिःसारण, रस्ते, घरे यांचा अग्रक्रम ठरवत आणि उपस्थितीच्या प्रमाणात प्रतिनिधी निवडत, तर विभागांनी निवडून दिलेले सदस्य शहराच्या अंदाजपत्रक परिषदेवर बसत. मात्र या व्यवस्थेचे खरे बळ सभांच्या पलीकडे होते. नव्या कामांचा पैसा कोणत्या विभागाला किती द्यायचा, हे परिषद एका जाहीर सूत्राने ठरवत असे आणि त्या सूत्रात विभागाची लोकसंख्या, तेथील सोयींची उणीव आणि रहिवाशांनी दिलेला अग्रक्रम या तिन्हींना गुण असत. त्यामुळे जेथे गटार नव्हते त्या वस्तीचे पारडे आपोआप जड होई आणि ओळखीपाळखीने काम पदरात पाडून घेण्याची जुनी रीत निरुपयोगी ठरे. महापौरांनी नियोजनाचे कार्यालय थेट आपल्या हाताखाली आणले, जेणेकरून सभेत ठरलेले काम एखाद्या खात्याच्या टेबलावर अडकून पडू नये. आणि मालमत्ता कर वाढवून वाटण्यासाठी तिजोरीत पैसाही आणला, कारण रिकाम्या तिजोरीचे वाटप करायला लोक दुसऱ्या वर्षी येत नाहीत. प्रारंभी हजाराच्या आसपास असलेली सभांतील उपस्थिती दशकाच्या अखेरीस वीस हजारांच्या पुढे गेली.

१९९६ साली इस्तंबूल येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक परिषदेत या प्रयोगाची आदर्श म्हणून नोंद झाली आणि २००१ साली पहिला जागतिक सामाजिक मंच याच शहरात भरला, तेव्हा जगभरच्या कार्यकर्त्यांनी त्याची ख्याती आपापल्या गावी नेली. पुढे पेरूने २००३ साली, तर पोलंडने २०१८ साली मोठ्या शहरांपुरता, कायदा करून ही पद्धत बंधनकारक केली. न्यूयॉर्कमध्ये २०११ साली चार नगरसेवकांनी आपल्या निधीपासून सुरुवात केली आणि पॅरिसने २०१४ मध्ये भांडवली खर्चातील थोडा हिस्सा मतदानाला खुला केला. आदर्श म्हणून नोंदल्या जाणाऱ्या प्रयोगाचे सभा, सूचना, मतदान असे टप्पे कागदावर सहज उतरतात. करवाढीचा राजकीय धोका, खात्यांवरील अंकुश आणि गरिबीला गुण देणारे सूत्र मात्र उतरत नाही. जान्पाओलो बायोकी आणि एर्नेस्टो गानुझा या अभ्यासकांनीही हेच दाखवले आहे, की जगभर पसरले ते सहभागाचे तंत्र. त्यासोबतची प्रशासकीय सुधारणा मागे राहिली.

पुण्याचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. पुणे महापालिकेने २००६ साली पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवण्यास सुरुवात केली आणि एवढ्या मोठ्या भारतीय शहरासाठी ते धाडसाचे पाऊल होते, हे मान्य करायला हवे. आरंभी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने बैठकाही झाल्या. पुढे मात्र पद्धत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरण्यावर स्थिरावली. अर्जात पदपथ, दिवे, बसथांबा, बाके अशी छोटी कामे सुचवायची, अधिकारी ती तपासणार आणि प्रभाग समिती, म्हणजे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनुसार स्थापन झालेली नगरसेवकांची स्थानिक समिती, त्यांतून निवड करणार. अर्जदारांनी समोरासमोर बसून आपसांत अग्रक्रम ठरवण्याची जागा या व्यवस्थेत राहिली नाही आणि उणीव असलेल्या वस्तीला झुकते माप देणारे सूत्रही आले नाही. साहजिकच ज्याला अर्जाची माहिती आणि भरण्याची सवड, त्याचाच पदपथ यादीत जाण्याची शक्यता अधिक. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर काही काळ निवड करणारे लोकनियुक्त सदस्यही उरले नव्हते. मोठी शहरे शिकतात आणि लहान शहरे अनुकरणाकडे झुकतात, असा शिपन आणि व्होल्डन यांचा निष्कर्ष होता. पुण्याला तो लागू पडत नाही, कारण येथे शहर मोठे असूनही उचलला गेला तो अर्जच.

केरळमध्ये १९९६ साली सुरू झालेली लोकयोजना मोहीम याच्या नेमकी उलट दिशेने गेली. तेथे राज्याने आपल्या योजना निधीचा सुमारे ३५ ते ४० टक्के हिस्सा आधी स्थानिक संस्थांच्या हाती दिला आणि मग ग्रामसभांना योजना करायला सांगितले. पैसा आधी आणि सभा नंतर, हा क्रम महाराष्ट्राने उचलण्याजोगा होता.

खुद्द पोर्तो अलेग्रेमध्ये कामगार पक्ष २००४ सालची निवडणूक हरल्यानंतर या पद्धतीला ओहोटी लागली. ती सविस्तर कायद्यात बांधलेली नसल्याने २०१७ साली नव्या महापौरांना तिच्या सभा स्थगित करता आल्या. नियमांत न बांधलेला सहभाग असा सहज थांबवता येतो. म्हणून पुण्यातील नागरिकांनी यंदाचा अर्ज भरताना त्यासोबत तीन मागण्याही जोडाव्यात: प्रभागाच्या वाट्याची रक्कम अर्ज मागवण्याआधी जाहीर व्हावी, ती लोकसंख्या आणि सोयींची उणीव पाहून वाटली जावी आणि नाकारलेल्या प्रत्येक कामाचे कारण लेखी मिळावे.