बॅटरीला अर्धपोटीच झोपवा!

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच दुपारी आमच्या भाचेबुवांनी माळ्यावरून एक खोकं खाली काढलं. आत होती त्यांची लाडकी रिमोटची मोटार! फेब्रुवारीअखेर आईनं ती वर ठेवायला लावली होती. ठेवण्यापूर्वी भाच्यानं बॅटरी पूर्ण चार्ज केली होती. म्हणजे कसं, खोकं उघडलं रे उघडलं की गाडी सुसाट!

पण खोकं उघडलं आणि तो ओरडलाच, "मामा, हे बघ! बॅटरी पुरीसारखी फुगलीय!"

खरंच की! एरवी वडीसारखी चपटी असणारी बॅटरी टम्म झाली होती.

"एकदाच चार्ज करून बघू का? फक्त पाच मिनिटं!"

"एक मिनिटसुद्धा नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा एवढासा झाला. "पण माझं चुकलं काय? घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी तर आपण कायम भरलेलीच ठेवतो ना!"

मुलांनो, प्रश्न अगदी रास्त होता, बरं का! भल्याभल्या मोठ्या माणसांचीही इथंच गफलत होते.

पुडीच्या आत काय असतं?

इन्व्हर्टरच्या बॅटरीत बहुतेक वेळा शिसं आणि पाणी घातलेलं आम्ल असतं. ती रिकामी ठेवली तर खराब होते, म्हणून ती भरलेलीच ठेवायची. रिमोटच्या गाडीतली बॅटरी मात्र लिथियमची. तिची तऱ्हाच निराळी!

चांदीसारख्या चकचकीत पुडीत तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. दोन्हींवर वेगवेगळी रसायनं थापलेली. मधे प्लॅस्टिकचा पडदा, तोही केसाहून पातळ. आणि या सगळ्यात भिनलेला एक द्रव. गंमत अशी, की या द्रवात पाणी नसतं. तो पेट्रोलसारखा ज्वालाग्राही असतो.

पुडी पूर्ण भरलेली असली की आतल्या रसायनांवर ताण येतो. त्यात भर उन्हाळ्याची. पत्र्याखालचा माळा म्हणजे भट्टीच! उष्णतेनं तो द्रव हळूहळू विघटित होतो आणि त्याचा वायू बनतो. वायूला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून पुडी फुगते. फुगलेली बॅटरी चार्ज केली, दाबली किंवा टोचली तर मधला पडदा फाटू शकतो. मग दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आत प्रचंड उष्णता होते आणि भडका उडतो. म्हणून तर ती पाच मिनिटं मी नाकारली.

पोट भरलेलं नको, रिकामंही नको

भाच्याच्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट, ३००० मिलीअँपिअर-तास असं लिहिलं होतं. म्हणजे आत ३.७ व्होल्टचे दोन सेल, एकापुढे एक जोडलेले. हे आकडे नीट पाहा:

पूर्ण भरलेला सेल – ४.२ व्होल्ट
ठेवणीतला सेल – ३.८ व्होल्ट
खेळ थांबवावा – ३.५ व्होल्ट
याच्या खाली कधीच नको – ३ व्होल्ट

बॅटरी फार रिकामी झाली तर आतलं तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज करताना तेच तांबं भलतीकडे साचतं आणि दोन्ही बाजूंना जोडू शकतं. म्हणून गाडी मंदावली की "अजून एकच चक्कर" म्हणायचं नाही!

दोन-चार दिवस खेळायचं नसेल, तर बॅटरी साधारण अर्धी भरलेली ठेवावी. दोन सेलच्या बॅटरीला ७.६ व्होल्ट. चांगल्या चार्जरवर यासाठी 'स्टोरेज' अशी खास सोय असते. जागा थंड आणि कोरडी हवी. माळा नको, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीची डिकी नको. किल्ल्या, नाणी, खिळे जवळ नकोत, कारण दोन्ही टोकं धातूनं जोडली गेली तर ठिणगी पडलीच म्हणून समजा.

चार्ज करताना

चार्जर लिथियम बॅटरीचाच हवा. या बॅटरीला दोन जोडण्या असतात. जाड तारांची जोडणी प्रवाहासाठी आणि बारीक तारांची छोटी पांढरी जोडणी प्रत्येक सेल वेगळा मोजण्यासाठी. दोन्ही लावा. नाहीतर एक सेल अर्धवट आणि दुसरा ठासून भरलेला, असं व्हायचं!

प्रवाह किती ठेवायचा? सोपं गणित आहे. ३००० मिलीअँपिअर-तास म्हणजे ३ अँपिअर-तास, म्हणून प्रवाह ३ अँपिअर. २२०० असेल तर २.२. याहून जास्त नको.

आता जागा. गादी, सोफा, लाकडी टेबल, पडद्याची खिडकी, सगळं बाद! उघड्या फरशीवर, सावलीत, घरातल्या मोठ्या माणसाच्या नजरेसमोर चार्ज करा. बॅटरी गाडीतून बाहेर काढलेली असावी. खेळून गरम झालेली बॅटरी आधी गार होऊ द्या. आणि आईबाबांनो, हे खास तुमच्यासाठी: रात्री चार्जिंगला लावून झोपणं किंवा बाजारात जाणं, दोन्ही बंद. चार्जर आपोआप थांबतो हे खरं, पण बिघडलेली बॅटरी त्याचं ऐकतेच असं नाही.

धूर दिसला तर?

बॅटरी फुगली, तापली, गोडसर उग्र वास आला किंवा सूं-सूं आवाज आला, तर हात लावू नका. शूरपणा करायची ही वेळ नव्हे. तिचा धूर विषारी असतो. मोठ्यानं ओरडा, सगळ्यांना घेऊन खोलीबाहेर पडा. शक्य असेल तर मोठ्यांनी मेन स्विच बंद करावा. मग १०१ किंवा ११२ वर फोन करावा.

हा धोका मोठ्यांच्या जगातही ओळखलेला आहे. प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या नुसत्या माल म्हणून पाठवायला २०१६ सालापासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

मग ही बॅटरी वाईटच का? छे! तिचा पाया घालणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गुडइनफ आजोबा तेव्हा ९७ वर्षांचे होते! एवढ्याशा जागेत एवढी शक्ती भरलेली, म्हणून तिला जपून वागवायचं, इतकंच.

फुगलेल्या बॅटरीचं काय केलं?

कचऱ्याच्या डब्यात टाकली नाही, कारण कचरागाडीत ती दाबली गेली असती. दोन्ही टोकांना वेगवेगळी चिकटपट्टी लावली, कोरडी वाळू भरलेल्या पत्र्याच्या उघड्या डब्यात ठेवून डबा अंगणात, सावलीत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी ती ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात देऊन आलो.

नवी बॅटरी आली. पुढे सहामाही परीक्षा जवळ आली तेव्हा भाच्यानं कुणी न सांगता चार्जर लावला, 'स्टोरेज' निवडलं आणि खोक्यावर चिठ्ठी डकवली: "७.६ व्होल्ट. अर्धपोटी झोपली आहे. माळ्यावर ठेवू नये."

परीक्षा संपल्यावर गाडी लगेच धावली नाही. फरशीवर चार्जरसमोर मांडी घालून त्याला थोडा वेळ बसावं लागलं. पण बॅटरी मात्र वडीसारखी चपटीच होती!