दलाली किती द्यायची आणि कशाची द्यायची?

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगाव यांच्या मधले लहानसे स्टेशन. २०१७ साली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. गाडीने हडपसर-पुण्याला कामाला जाऊन रात्री मुक्कामाला घरी येता येते, त्यामुळे स्टेशनच्या आसपासच्या जागेला भाव आला. भाव आला तसा एजंटही आला. तो बहुधा ओळखीचाच असतो. मोटारसायकलवर घेऊन जातो, चहा पाजतो, "दलालीचं नंतर बघू, आपण काय परके आहोत का?" असे म्हणतो. आपल्या कष्टकरी कुटुंबाचे नुकसान होते ते या 'नंतर बघू'मध्ये.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी की, दलालीचा दर कोणत्याही कायद्याने ठरवलेला नाही. "सरकारी रेट दोन टक्के आहे" असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे. एक किंवा दोन टक्के हा बाजाराचा रिवाज आहे आणि रिवाज बोलून बदलता येतो. समजा दोन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट १२ लाखांना ठरला. दोन टक्क्यांनी २४ हजार होतात. एजंटाने विकणाऱ्याकडूनही तेवढेच घेतले तर त्याच्या खिशात ४८ हजार पडतात. दस्त नोंदवायची सरकारी फी एक टक्का, म्हणजे १२ हजार. ज्या नोंदणीने मालकी पक्की व्हायची तिच्या दुप्पट पैसे नुसती जागा दाखवणाऱ्याला द्यायचे का, हा प्रश्न घरात बसून विचारला पाहिजे.

म्हणून बोलणी जागा पाहण्याआधी करावी. जागा आवडली, पोरांनी स्वयंपाकघर कुठे आणि देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांचा फोटो कुठे हे ठरवून टाकले, की मग घासाघीस होत नाही. एजंटाला सरळ विचारावे, "दादा, समोरच्या पार्टीकडून किती घेणार?" दोन्हीकडून घेणार असेल तर आपला दर निम्मा करायला सांगायला लाजू नये. टक्क्याऐवजी ठोक रक्कम ठरवली तर घेणाऱ्याचा फायदाच असतो, कारण टक्केवारीत भाव जितका चढेल तितकी दलाली चढते. मग तो आपल्यासाठी भाव पाडील कशाला? विकणाऱ्याने मात्र टक्का द्यायला हरकत नाही.

दलाली केव्हा द्यायची हेही तितकेच महत्त्वाचे. इसार देताना निम्मी दलाली मागण्याची पद्धत पडली आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या २१९ व्या कलमाप्रमाणे वेगळा करार नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय एजंटाचे पैसे देणे लागत नाहीत. काम पूर्ण म्हणजे खरेदीखत नोंदले जाणे, हे मात्र आधी बोलून घ्यावे. फार आग्रह झाला तर साठेखताला थोडी रक्कम द्यावी, पण व्यवहार मोडला तर ती परत, असे लिहून घ्यावे.

दलालीपेक्षा मोठी लूट 'फरका'त असते आणि ती दिसत नाही. मालकाला सांगायचे दहा लाख, घेणाऱ्याला सांगायचे बारा, आणि मधले दोन लाख गिळायचे. वर दोघांकडून दलाली! याच कायद्याचे २१६ वे कलम सांगते की, मालकाला न कळवता एजंटाने स्वतःसाठीच व्यवहार केला तर त्यातला फायदा मालकाला मागता येतो. कोर्टकचेरी आपल्याला परवडत नाही हे खरे. पण मालक आणि घेणारा एकदा तरी समोरासमोर बसले पाहिजेत, एवढा हट्ट धरायला वकील लागत नाही. जो एजंट ही भेट टाळतो त्याच्याबरोबर पुढे जाऊ नये. इसारही रोखीत देऊ नये. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे २०१५ पासून बंद आहे.

'रेरा' कायद्याचे नाव सगळे घेतात. तो २०१६ चा. महाराष्ट्रात महारेरा मे २०१७ पासून सुरू झाली. नोंदलेल्या प्रकल्पातील फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला तिथे नोंदणी सक्तीची आहे. त्याचा क्रमांक 'ए' या अक्षराने सुरू होतो आणि तो महारेराच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. पण जुन्या घराची विक्री, शेतजमीन आणि पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे छोटे प्रकल्प यांना ही नोंदणी लागत नाही. खेड्यातले बरेचसे व्यवहार असेच असतात. तिथे आपली चिठ्ठी हाच आपला रेरा.

आता गुंठ्यांविषयी. शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा विकणे तुकडेबंदी कायद्यात बसत नाही. २०२३ मध्ये मर्यादा उतरवली, तरी बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे आहेतच. २०२५ मध्ये शासनाने काही सवलती दिल्या, पण शेतीतला कोणताही नवा तुकडा त्यात बसतो असे समजू नये. एजंट नोटरीचा कागद करून देतो आणि दलाली घेऊन मोकळा होतो. नोटरीच्या कागदाने मालकी येत नाही, सातबाऱ्यावर नाव लागत नाही. अशा व्यवहारात दलाली किती हा प्रश्नच नाही. पैसे देऊच नयेत.

आपल्या समाजाच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब वतनी जमिनीची. महारकीच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले असते ते यामुळे. ही जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. तरीही एजंट येतो, म्हाताऱ्या आजीच्या हातावर थोडा इसार ठेवतो आणि कुलमुखत्यारपत्रावर अंगठा घेतो. "परवानगीचं मी बघतो, तुम्ही निवांत राहा." भाव मातीमोल ठरतो, कारण जमीन 'अडकलेली' आहे असे तोच सांगतो. परवानगी मिळाली की तीच जमीन दुसऱ्याला चढ्या भावाने जाते. आणि शर्तभंग झाला तर सरकारजमा होण्याची टांगती तलवार आपल्या डोक्यावर राहते. भावकीतले सर्व हिस्सेदार, लग्न होऊन गेलेल्या बहिणींसह, एकत्र बसल्याशिवाय अशा कागदाला हात लावू देऊ नये. कुलमुखत्यारपत्र तर एजंटाला मुळीच देऊ नये.

व्यवहाराच्या बैठकीत घरातील बाईला बसवावे. "ताईंना काय कळतंय त्यातलं" असे म्हणणाऱ्याला तीच नेमका प्रश्न विचारते, कारण महिन्याचा हिशेब तिच्याकडे असतो. तयार घर किंवा फ्लॅट घेताना ते तिच्या एकटीच्या नावावर घेतले तर एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. एजंटाची एक टक्का दलाली तिथेच निघून येते!

चिठ्ठी फार मोठी नको. एजंटाचे नाव-पत्ता, जागेचा गट नंबर, ठरलेली रक्कम, ती कोण आणि केव्हा देणार, व्यवहार मोडल्यास काय, दुसऱ्या बाजूकडून किती घेणार, तारीख आणि दोघांच्या सह्या एवढे पुरे. पैसे दिले की पावती घ्यावी. पावतीवर अठरा टक्के जीएसटी लावला असेल तर त्याचा जीएसटी नंबर छापलेला आहे का ते पाहावे. चिठ्ठीची मूळ प्रत आपल्या ट्रंकेत राहू द्यावी, एजंटाला झेरॉक्स दिली तरी चालते.