त्रिशंकू विधानसभा
त्रिशंकू विधानसभा : सार्वत्रिक निवडणुकीनंतर कोणत्याही पक्षास अथवा निवडणूकपूर्व युतीस स्पष्ट बहुमत न मिळाल्यास त्या सभागृहास त्रिशंकू असे म्हणतात. विश्वामित्राच्या तपोबलाने स्वर्गाकडे निघालेल्या आणि इंद्राने खाली लोटल्यावर अधांतरी राहिलेल्या त्रिशंकू राजाच्या कथेवरून ही संज्ञा रूढ झाली. ती पूर्णतः समर्पक नाही. कारण सभागृह विधिवत अस्तित्वात आलेले असते, अधांतरी असते ते मंत्रिमंडळ.

महाराष्ट्र विधानसभेची सदस्यसंख्या २८८ असून बहुमतासाठी १४५ सदस्य लागतात. १९९० पासून २०२४ पर्यंतच्या एकाही निवडणुकीत कोणत्याही एका पक्षास हा आकडा गाठता आलेला नाही. साहजिकच सरकार कोणी बनवावे, या प्रश्नास राज्याच्या राजकारणात कायमचे स्थान प्राप्त झाले आहे.

भारतीय संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतो व मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असते. म्हणजे नियुक्ती आधी आणि कसोटी नंतर, असा हा क्रम आहे. बहुमत स्पष्ट असता राज्यपालाचे काम औपचारिक ठरते. ते नसता मात्र नियुक्ती व कसोटी यांमधील काळात त्याच्या विवेकास महत्त्व येते आणि बहुतेक वाद या अंतरातच उद्‌भवतात.

हा क्रम अपरिहार्य नाही, हे जिल्हा परिषदांच्या उदाहरणावरून दिसते. नंदुरबार जिल्हा परिषदेच्या जानेवारी २०२० मधील निवडणुकीत ५६ पैकी भारतीय जनता पक्ष व काँग्रेस यांना प्रत्येकी २३, शिवसेनेस ७ व राष्ट्रवादी काँग्रेसला ३ जागा मिळाल्या. दोन पक्ष समसमान असतानाही प्रथम कोणास पाचारण करावे, हा प्रश्न तेथे निर्माण झाला नाही. १९६१ च्या जिल्हा परिषद अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्याने बोलाविलेल्या सभेत सदस्यच अध्यक्षाची निवड करतात. मते समान पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय होतो. शिवसेनेच्या साहाय्याने अध्यक्षपद काँग्रेसकडे व उपाध्यक्षपद शिवसेनेकडे गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्षपद भारतीय जनता पक्षाकडे आले. या पद्धतीने स्थैर्य लाभते असे नाही. परंतु निवडीचा दोष तिसऱ्या कोणावर येत नाही.

राज्यपालाने कोणत्या क्रमाने विचार करावा, याविषयी संविधान मौन बाळगते. केंद्र-राज्य संबंधांवरील सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात क्रम सुचविला : निवडणूकपूर्व युती, इतरांच्या व अपक्षांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, सर्व घटक मंत्रिमंडळात सामील होणारी निवडणुकोत्तर आघाडी, आणि शेवटी काही पक्षांचा बाहेरून पाठिंबा असलेली आघाडी. हा क्रम म्हणजे कायदा नव्हे. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा मिळविणाऱ्या काँग्रेसऐवजी १३ जागांच्या भारतीय जनता पक्षास पाचारण झाले. इतरांच्या पाठिंब्याने त्या पक्षाने बहुमत सिद्ध केले.

महाराष्ट्रात हा प्रसंग प्रथम १९७८ मध्ये आला. जनता पक्ष ९९ जागा मिळवून सर्वांत मोठा ठरला; पण दोन्ही काँग्रेस पक्षांनी एकत्र येऊन वसंतदादा पाटील यांचे मंत्रिमंडळ बनविले. ते जुलैमध्ये कोसळले आणि शरद पवार यांच्या नेतृत्वाखाली जनता पक्षादींसह पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले. पक्षांतरबंदीची घटनादुरुस्ती १९८५ मध्ये झाली. तत्पूर्वीचा हा काळ आहे. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीस १३८ जागा मिळाल्या व उणीव अपक्षांनी भरून काढली. नंदुरबारमधून अपक्ष निवडून आलेले विजयकुमार गावित या मंत्रिमंडळात राज्यमंत्री झाले. सातच सदस्य कमी असलेल्या सरकारात एका सदस्याचे मोल किती वाढते, याचे हे उदाहरण होय. २०१४ मध्ये १२२ सदस्यांच्या भारतीय जनता पक्षाच्या सरकारवरील विश्वासाचा ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. आवाजी मतदानात आकडा कळत नाही, हा विरोधकांचा आक्षेप गैरलागू म्हणता येणार नाही.

२०१९ चा प्रसंग सर्वांत बोधप्रद आहे. भाजप १०५ व शिवसेना ५६ अशा युतीस बहुमत होते. पण मुख्यमंत्रिपदाच्या वादातून ती तुटल्याने सभागृह निकालानंतर त्रिशंकू झाले. तीन पक्षांना क्रमाने विचारणा झाली आणि १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली. २३ नोव्हेंबरला पहाटे ती उठवून देवेंद्र फडणवीस यांना शपथ देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबरला आदेश दिला, की दुसऱ्याच दिवशी हंगामी अध्यक्षांच्या देखरेखीखाली उघड मतदानाने बहुमताची चाचणी घ्यावी आणि तिचे थेट प्रक्षेपण करावे. फडणवीस यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले व ३० तारखेस त्यांच्या बाजूने १६९ मते पडली.

बहुमताचा निर्णय राजभवनात नव्हे, तर सभागृहात व्हावा, हे तत्त्व बोम्मई खटल्यात (१९९४) प्रस्थापित झाले होते. बिहारमध्ये २००५ साली विधानसभेची एकही बैठक न होता ती विसर्जित करण्यात आली, तेव्हा न्यायालयाने ती कृती घटनाबाह्य ठरविली. २०२२ च्या महाराष्ट्रातील सत्तांतराविषयी ११ मे २०२३ रोजी दिलेल्या निर्णयात, बहुमत चाचणीचा आदेश देण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपाशी नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. तथापि ठाकरे यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिला असल्याने पूर्वीचे सरकार पुनःस्थापित करता येत नाही, असाही निर्वाळा त्याने दिला.